अंधार कोणी करायचा?

मराठी माणसाच्या हॉलला भिंती चार असतात, पण मोकळी एकही नसते. एका भिंतीला शोकेस. तिच्यात कधीच न वापरलेला टी-सेट, मुलाची चित्रकलेची ट्रॉफी आणि कोणीतरी आग्र्याहून आणलेला ताजमहाल. दुसऱ्या भिंतीला खिडकी आणि खिडकीत कूलर. तिसरीला टीव्ही युनिट. राहिली चौथी. तिच्यावर वास्तुशांतीच्या वेळी हौसेनं सोनेरी फराट्यांचं टेक्स्चर मारून घेतलेलं असतं आणि त्या फराट्यांवर चंदनाचा हार घातलेला आजोबांचा फोटो असतो. अशा या हॉलमध्ये एके दिवशी शंभर इंची पडद्याचं आश्वासन देत प्रोजेक्टरचा खोका येतो.

नाशकातल्या आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत असा खोका आला की मला बोलावणं येतं. यंत्रातलं मला फार कळतं म्हणून नव्हे. वर चढलेल्या माणसाचं स्टूल धरायला एक भरवशाचा माणूस लागतो आणि मी रिकामा असतो हे सोसायटीला ठाऊक आहे. स्टूल धरणाऱ्याचा एक फायदा असतो. वरच्याला फक्त स्क्रू दिसतो, खालच्याला सगळं घर दिसतं.

खरेदीआधीची चर्चा नाशकात एकाच वळणानं जाते. नवरा म्हणतो, "अगं, आपण फाळक्यांच्या गावातली माणसं! सिनेमा जन्माला घालणारा माणूस इथल्या त्र्यंबकेश्वरचा." मुद्दा बिनतोड असतो. धुंडिराज गोविंद फाळके ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला जन्मले. १९१३ मध्ये मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' दाखवून त्याच वर्षी त्यांनी आपलं बिऱ्हाड आणि कारखाना नाशकात हलवला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे आणि तिथं सहलीला गेलेला प्रत्येक नाशिककर सिनेमावर आपला वडिलोपार्जित हक्क असल्यासारखा बोलतो. पण बायकोचा अभ्यास जास्त पक्का असतो. ती म्हणते, "फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली होती आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले होते. पॉलिसी तुमची आहे, तिचं काय ते बघा. माझ्या पाटल्यांकडे बघू नका." चर्चा संपते आणि बजेट निम्म्यावर येतं.

निम्म्या बजेटचा प्रोजेक्टर म्हणजे खोक्यावर आकडे मोठे आणि खोक्यात यंत्र लहान. खोक्यावर लिहिलेलं असतं, ९००० लुमेन. हे लुमेन म्हणजे उजेडाचं माप. पण मापाला माप असतं. ठरलेल्या पद्धतीनं पडद्यावर मोजला जातो तो एएनएसआय लुमेन, आणि नुसता लुमेन कुठं मोजला हे ज्यानं मोजला त्यालाच माहीत. एएनएसआयच्या हिशेबात हजारांचे शेकडे व्हायला वेळ लागत नाही. तसंच '१०८० पी सपोर्टेड' या शब्दांचं. त्याचा अर्थ एवढाच की तेवढं बारीक चित्र तुम्ही पाठवलंत तर यंत्र ते नाकारणार नाही. स्वतः ते दाखवेल ७२० चं किंवा ४८० चंच. लग्नपत्रिकेत 'आपली उपस्थिती हाच आहेर' लिहिलेलं असतं, त्याच जातीचं हे वाक्य. दोन्हींचा खरा अर्थ अनुभवानं कळतो.

घरी आल्यावर भिंतीचा प्रश्न निघतो. टीव्हीची भिंत द्यायला आजी तयार नसतात, शोकेसची द्यायला वहिनी. खिडकीची भिंत म्हणजे भिंतच नव्हे. उरतात आजोबा. फोटो हलवायचा विषय कोणी काढायचा यावर दोन दिवस जातात. शेवटी पुण्याहून आलेला मेहुणा, जो आयटीत असल्यामुळे घरातल्या सर्व तारांचा अधिकारी समजला जातो, म्हणतो, "दाजी, फोटो राहू द्या, आपण आधी टेस्टिंग करू." टेस्टिंगला एक गाणं लागतं. नायिकेच्या गालावर टेक्स्चरचे सोनेरी फराटे उमटतात. नायक डोंगरावरून धावत येतो तो थेट आजोबांच्या हारात शिरतो. आजोबांचा चेहरा क्षणभर गुलाबी होतो, मग हिरवा. आजी हात जोडतात. वहिनी पदर तोंडाला लावतात, तो हसू लपवायला की भीतीनं, हे अंधारात कळत नाही. त्यानंतर फोटो देवघराशेजारी जातो, पण खिळा तिथंच राहतो, कारण 'आजोबांचा खिळा' काढायला कोणाचा हात धजत नाही. पुढं प्रत्येक सिनेमात, कोणीही नट असो, त्याच्या कपाळाच्या आसपास एक खिळा असतो. सवयीनं तो दिसेनासा होतो. पाहुण्यांना मात्र दिसतो.

मग अंतर. शंभर इंच म्हणजे पडद्याचा कर्ण. रुंदी भरते २२१ सेंटिमीटर, उंची सव्वाशे. नेहमीच्या प्रोजेक्टरला रुंदीच्या सव्वा ते दीडपट अंतर लागतं. त्याला म्हणायचं थ्रो रेशो. १.३ धरला तर भिंतीपासून सुमारे साडेनऊ फूट. आपला हॉल दहा बाय पंधरा. सोफा भिंतीला टेकलेला. हिशेब करून पाहिला तर भौतिकशास्त्रानं प्रोजेक्टरसाठी नेमकी जी जागा काढलेली असते, तिथं सोफ्यावर बसलेल्या सासऱ्यांचं डोकं असतं. प्रोजेक्टर टीपॉयवर पुढं घ्यावा तर शंभराचे साठ इंच होतात, आणि साठ इंचांचा टीव्ही शेजारच्यांनी दिवाळीतच घेतलेला असतो. दोनच मार्ग उरतात, सासरे हलवायचे किंवा प्रोजेक्टर छताला टांगायचा. बहुतेक घरांत दुसरा मार्ग निवडला जातो.

छताला टांगायचं म्हणजे इलेक्ट्रिशियन. तो आधी छताकडे पाहतो, मग आपल्याकडे, मग पुन्हा छताकडे. "साहेब, हे पीओपी आहे. हे वजन घेणार नाही. वर स्लॅबला फास्नर मारावा लागेल." पीओपी करणाऱ्यानं 'यात काही पण लावा' असं सांगितलेलं असतं, पण तो आता फोन उचलत नाही. ड्रिल सुरू होतं. खाली स्टूल धरणाऱ्याच्या डोक्यावर पीओपीची पांढरी भुकटी बसते. वायर कुठून न्यायची यावर घरातला प्रत्येक जण एक मार्ग सुचवतो आणि ती शेवटी केसिंग पट्टीतून, सगळ्यांना दिसेल अशीच जाते.

प्रोजेक्टर लागतो, सुरू होतो, आणि चित्र लुकलुकायला लागतं. मेहुणा सेटिंग तपासतो, केबल बदलतो, रिस्टार्ट करतो. स्टूल धरणाऱ्याला खालून कारण दिसत असतं. प्रोजेक्टर आणि भिंत यांच्या मधोमध हॉलचा पंखा फिरतोय. मिनिटाला साडेतीनशे फेरे घेणारा तीन पात्यांचा पंखा सेकंदाला साडेसतरा वेळा उजेड तोडतो. जुन्या थिएटरच्या यंत्रातही असंच पात्यांचं शटर असायचं, चित्र सरकताना प्रकाश अडवणारं. फक्त ते इतक्या वेगानं फिरे की डोळ्यांना पत्ता लागत नसे. फाळक्यांच्या काळात मूकपट सेकंदाला साधारण सोळा चित्रांनी चाले. म्हणजे नाशिकच्या फ्लॅटमध्ये, पंखा चारवर ठेवून, आपण कुठलाही नवा सिनेमा १९१३ च्या चालीत पाहू शकतो. पण या सोयीची कदर कोणी करत नाही. पंखा बंद होतो. एप्रिल महिना, खिडकी बंद, पडदे ओढलेले आणि पंखाही बंद. सिनेमा हिमालयातला असतो, एवढाच काय तो दिलासा.

आता चित्राचा आकार. छतावरून यंत्र तिरकं खाली पाहतं, त्यामुळे चित्र वर अरुंद आणि खाली रुंद पडतं. आठवीच्या भूमितीत याला समलंब चौकोन म्हणायचे. तेव्हा ज्यानं त्याचं क्षेत्रफळ काढायचा कंटाळा केला, त्याच्याकडून आता भिंत वसुली करते. पोलिस इन्स्पेक्टरचं डोकं लिंबाएवढं आणि बूट भोपळ्याएवढे. यावर उपाय म्हणजे कीस्टोन. रिमोटनं कोपरे ओढून चित्र सरळ करायचं. पण यंत्र काही भिंत सरळ करत नाही, ते चित्राचेच तुकडे दाबून आत बसवतं. आधीच कमी असलेले ठिपके आणखी कमी होतात आणि कडेला एक फिक्या उजेडाची झालर राहते. खरा उपाय म्हणजे यंत्र पडद्याच्या समोर सरळ ठेवणं किंवा ज्यात भिंगच वरखाली सरकतं असं महागडं यंत्र घेणं. पण महागड्या यंत्राचा विषय पाटल्यांपाशी संपलेला असतो. म्हणून घरोघर संध्याकाळी एक गृहस्थ रिमोट घेऊन उभा दिसतो आणि मागून आवाज येत असतात, "डावीकडचा वर... अहो डावीकडचा... तुमचा नाही, आमचा डावा!"

इथवरचं सगळं निस्तरतं. निस्तरत नाही ती एकच गोष्ट, आणि ती दुकानात कोणी सांगत नाही. प्रोजेक्टरला अंधार लागतो.

कारण सोपं आहे. प्रोजेक्टर जगातला कुठलाही रंग भिंतीवर फेकू शकतो, फक्त काळा फेकू शकत नाही. काळा म्हणजे तिथं उजेड न पाडणं. मग त्या जागी भिंत जशी असेल तशी दिसणार. खोलीत दिवा असेल तर भिंत पांढरी दिसणार, आणि सिनेमातला चोर काळ्याकुट्ट रात्री नव्हे, दुधाळ सकाळी घरात शिरणार. हिशेबच मांडायचा तर प्रामाणिक ५०० लुमेनचं यंत्र शंभर इंची चित्रावर १८० लक्सच्या आसपास उजेड पाडतं. आणि हॉलमधली साधी २० वॉटची एलईडी पट्टी एकटीच २००० लुमेन उधळत असते, चारी दिशांना. तिच्यातला थोडाच वाटा भिंतीवर गेला तरी पुरतो. दोन-अडीचशे रुपयांची पट्टी वीस हजारांच्या यंत्राचं पाणी करते.

आणि ही पट्टी मराठी घरात संध्याकाळी बंद करायची सोय नाही. सात वाजता पडदे ओढून दिवा मालवला की आतून आजींचा आवाज येतो, "अरे, दिवेलागणीच्या वेळी घरात अंधार? लक्ष्मी यायची वेळ आहे ही!" त्यांना लुमेन आणि लक्स सांगता येत नाही. सांगितलं तर त्या म्हणतात, "लक्ष्मीला दिसलं पाहिजे की कुठल्या घरात शिरायचं ते." आठ वाजता जेवणं. पोळी अंधारात वाढता येत नाही. नऊला भांडी, आणि स्वयंपाकघराला दारच नसतं, कारण ओपन किचन हवं म्हणून ते आपणच काढून टाकलेलं असतं. साडेनऊला अभ्यास. मग कोणाला तरी चष्मा सापडत नाही, कोणाला गोळी घ्यायची असते. आपलं घर पिढ्यान्‌पिढ्या उजेडासाठी बांधलं गेलंय, हे त्या संध्याकाळी पहिल्यांदा लक्षात येतं. वास्तूत पूर्वेला खिडकी पाहतात, फ्लॅट घेताना 'व्हेंटिलेशन कसं आहे?' विचारतात. 'अंधार कसा पडतो?' असं विचारून कोणी फ्लॅट बुक केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

फाळक्यांना मात्र ही अडचण नीट ठाऊक असावी. चित्रपट काढायचं डोक्यात घेतल्यावर त्यांनी घरातच प्रयोग सुरू केले होते. मेणबत्तीचा उजेड, पुढं भिंग, आणि रात्री भिंतीवर चित्रं. इतकं पाहिलं की दृष्टी अधू झाली, उपचारांनी ती परत आली. नाशिककर ज्याला आज 'होम थिएटर' म्हणून हप्त्यांवर घेतो, ते त्या माणसानं एका मेणबत्तीवर चालवलं होतं. त्याहून आधी, १८९० च्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी शांबरिक खरोलिका दाखवली होती, म्हणजे काचेवरची चित्रं दिव्यानं पडद्यावर पाडायचा खेळ. या मंडळींचे दिवे मिणमिणते असत, पण त्यांना एका बाबतीत आपल्यापेक्षा सुख होतं. सूर्य मावळला की अंधार फुकट मिळे. आपल्याला आता तो घरातल्या पाच माणसांच्या संमतीनं करावा लागतो.

संमती मिळालीच तर उद्घाटनाला काय लावायचं हा वाद. नातवाला उडणारी माणसं हवी असतात, आजींना पंढरपूरची वारी, सासऱ्यांना १९८३ ची मॅच. पैसे भरलेल्या ॲपवरचा नवा सिनेमा लावायचं ठरतं. मोबाइलवरून मिररिंग करताच आवाज खणखणीत येतो, संवाद येतात, गोळीबार येतो, पण भिंतीवर काहीच नाही. कॉपी होऊ नये म्हणून ॲपनं चित्र अडवलेलं असतं. जो काळा रंग यंत्राला जन्मात जमत नव्हता, तो असा अचानक कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जमून जातो. मग आवाजाची तऱ्हा. ब्लूटूथ स्पीकर जोडला की आवाज चित्रामागून येतो. नायकाचं तोंड मिटतं आणि मग तो बोलतो. सासरे म्हणतात, "हा माणूस विचार करून बोलतो." एकदा मीच सुचवलं की 'राजा हरिश्चंद्र' लावा. जी रिळं उरली आहेत ती पाहायला मिळतात, मूकपट आहे, आवाज मागे राहायचा प्रश्न नाही, आणि पंखाही चालू ठेवता येईल. तांत्रिकदृष्ट्या या सूचनेत काही खोट नव्हती. ती एकमतानं फेटाळली गेली.

खेळ सुरू होतो तेव्हा गृहस्थाची दशा पाहण्यासारखी असते. फाळक्यांच्या 'लंका दहन'मध्ये, १९१७ साली, अण्णा साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्यानं केल्या. घरच्या थिएटरात गृहस्थ याच्या पुढं जातो. तोच ऑपरेटर, तोच डोअरकीपर, तोच बॅटरी दाखवणारा, आणि मध्यंतरात चिवड्यावर कांदा-कोथिंबीर घालून ताटल्या फिरवणाराही तोच. सिनेमा सोडून तो सगळं पाहतो. चित्राच्या वाटेतून कोणी पाणी प्यायला उठलं की त्याची सावली भिंतीवर अवाढव्य वाढते आणि घरात एकदम राक्षस शिरतो; लहान मुलांना मूळ सिनेमापेक्षा हा भाग आवडतो. मग ती हातांची हरणं आणि कुत्री करायला लागतात आणि सिनेमा मागे कुठंतरी चालू राहतो.

सरस्वतीबाई फाळक्यांची आठवण मला अशा वेळी हमखास येते. त्या माउलीनं कारखान्यातल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केला, फिल्मला भोकं पाडली, ती धुतली, आणि चित्रीकरणात ऊन नटांच्या तोंडावर वळवायला पांढऱ्या चादरी धरून त्या उन्हात उभ्या राहिल्या. भारतीय सिनेमाच्या इतिहासात चादरीचं स्थान असं अगदी पहिल्या पानावर आहे. आमच्या सोसायटीतही गोष्ट शेवटी चादरीवरच आली. टेक्स्चर, खिळा, पंखा, लक्ष्मी या सगळ्यांना कंटाळून एका शनिवारी यंत्र गच्चीवर नेलं. पाण्याच्या टाकीच्या खांबांना डबल बेडची पांढरी चादर बांधली. कडेला क्लिपा. अंतर हवं तेवढं, अंधार आपोआप आणि वरून गार वारा. ज्या यंत्राला घरात प्रेक्षक मिळत नव्हता, त्याच्यापुढं अर्ध्या तासात चटया पसरल्या गेल्या. चादरीच्या पलीकडूनही माणसं बसली. गणेशोत्सवात गल्लीत पडदा बांधून सिनेमा दाखवायचे तेव्हाही अशी दोन्हीकडे गर्दी व्हायची. मागच्या बाजूला सगळे नट डावखुरे दिसायचे, पाट्या उलट्या वाचायला लागायच्या, पण जागा ऐसपैस. मला वाटतं, हे यंत्र मुळात घरातलं नव्हेच. टीव्ही घरात येऊन बसतो. हे आपल्याला घराबाहेर काढतं. जत्रेतल्या तंबूत, गल्लीत, गच्चीत, जिथं अंधार आणि गर्दी दोन्ही असतील तिथं ते खुलतं. आपण मात्र त्याला सोफ्यासमोर चार माणसांत बसवून वर पट्टीही चालू ठेवतो.

गच्चीवर यंत्राची कीर्ती झाली आणि ती सेक्रेटरींच्या कानावर गेली. वार्षिक सभेत त्यांनी ते क्लब हाउसच्या भिंतीसमोर टेबलावर मांडलं, पुढचा पाय एक पुस्तक घालून उचलला आणि मेंटेनन्सच्या थकबाकीची यादी शंभर इंचांवर लावली. दिवे त्यांनी स्वतः मालवले. मी इतकी घरं पाहिली, पण असा शो पाहिला नाही. कोणाला गोळी आठवली नाही, कोणाचा चष्मा हरवला नाही, पट्टी लावा म्हणून कोणी ओरडलं नाही. खालून वर फेकलेलं चित्र वरच्या अंगाला फाकतं. त्यामुळे यादीतली तळाची नावं बारीक होती आणि वरची, म्हणजे सर्वांत मोठ्या बाकीची तीन नावं, चांगली वीतभर रुंद. त्या तिघांनी आजवर सभेत कशालाच पाठिंबा दिलेला नव्हता. ते तिघं एकदम उठले आणि एका सुरात म्हणाले, "सेक्रेटरी, आधी कीस्टोन नीट करा!"